बारावा अंगठा

१

मूळ कागद नाहीसा झाला हे मंगळवारी सकाळी साडेदहाला कळलं, आणि मुदत शुक्रवारी संपत होती.

खोपटच्या एसटी डेपोसमोर, औषधांच्या दुकानाच्या वर, ऋतिका पाटणकर वकिलांचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. त्या ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडं होतं आणि त्यासमोर ऋतिका आणि तिचा कारकून प्रफुल्ल असे उभे होते, जसं काही कपाटानेच त्यांना चोर ठरवलं होतं. फाइल जागेवर होती, लाल फडक्यात नीट बांधलेली. फडक्याच्या आत अर्ज, निकाल, झेरॉक्स सगळं होतं. फक्त अकरा पानांचा मूळ करारनामा नव्हता.

ऋतिकाने पहिला फोन पोलिसांना नाही, ठाकुर्लीला मधु सबनीसांना केला.

मधु सबनीस म्हणजे ठाण्याच्या कोर्टात चौतीस वर्षं कागद सांभाळून निवृत्त झालेला माणूस. माणसांचे चेहरे ते विसरत. शेजाऱ्याला सुद्धा दोनदा नाव विचारत. पण एकदा हातातून गेलेला कागद जन्मात विसरत नसत. शर्टाच्या खिशात अजून सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ असायचं, न जाणो कुठे एखादं पान सुटलेलं दिसलं तर. एकाच गोष्टीचा त्यांना राग होता, कागदावरच्या डागाचा. चहाचा डाग पडलेला अर्ज घेऊन आलेल्या एका थोर वकिलाला त्यांनी एकदा दारातून परत पाठवलं होतं, ही गोष्ट कोर्टाच्या कँटीनमध्ये अजून सांगतात. ऋतिका नवीन वकील असताना त्यांच्याच रेकॉर्ड रूममध्ये धूळ खात कागद वाचायला शिकली होती.

"हात लावू नकोस कशाला," ते फोनवर म्हणाले. "फडकं कसं बांधलंय तसंच राहू दे. मी आलोच."

तासाभराने ते आले. पाणी सुद्धा न पिता फाइलवर वाकले आणि बराच वेळ नुसती गाठ बघत राहिले.

"ही कुणी मारली?"

"आम्ही आज उघडलीच नाही काका. बाजूने हात घालून बघितलं, हाताला लागला नाही म्हणून कळलं," प्रफुल्ल म्हणाला. त्याच्या पाचावर धारण बसली होती.

"ही निरगाठ आहे," मधुकाका म्हणाले, आणि आजूबाजूला बघू लागले. टेबल, खुर्च्या, पंखा, भिंतीवरचा गणपती. गणपतीला प्लास्टिकचा हार आणि विजेचा दिवा होता. कामात बुडालेल्या वकिलाने देवाची जेवढी सोय करावी तेवढी. पण फळीवर, गणपतीच्या पायाशी, झेंडूचं एक वाळून तपकिरी झालेलं फूल होतं.

"तू फुलं कधीपासून वाहायला लागलीस?" त्यांनी विचारलं.

"मी? छे. मला दिव्याचं बटण दाबायला वेळ नसतो."

मधुकाकांनी फुलाला हात लावला नाही. "बस," ते म्हणाले. "आता पहिल्यापासून सांग. मी वाचलेलं नाही असं समजून सांग."

२

गोष्ट साधी होती, आणि साध्या गोष्टीच कोर्टात जास्त दिवस चालतात.

घोडबंदर रोडच्या टॉवरांच्या मागे, खाडीच्या बाजूला खारवंडे नावाचं गावठाण आहे. तिथल्या कमळाबाई परशुराम भोईर यांनी सात वर्षांपूर्वी आपली जागा एका बिल्डरला विकसित करायला द्यायचं कबूल केलं. अट एकच, राहतं घर पाडायचं नाही. परशुराम मिठागरात राबले आणि त्यातून ते घर बांधलं. पुढे बिल्डरने नकाशा बदलला, आणि घराच्या जागी गाड्या आत शिरायचा रस्ता आला. बाईंनी हरकत घेतली. बिल्डरने करारनाम्याचं सातवं पान दाखवलं. एकोणिसावं कलम. भांडण झालं तर ते कोर्टात जाणार नाही, लवाद त्याचा निवाडा करील, आणि लवाद बिल्डर नेमील.

लवादाने निवाडा दिला, घर खाली करा.

"बाई पहिल्या दिवसापासून एकच सांगतायत," ऋतिका म्हणाली. "असं कलम मला कुणी वाचून दाखवलंच नव्हतं. त्या माणसाला माझ्या घराचा निवाडा करायचा अधिकार दिला कुणी? पण ठाण्याच्या कोर्टात सातव्या पानावरचा अंगठा तपासला. तज्ज्ञाने सांगितलं, अंगठा त्यांचाच. मग कोर्ट तरी काय करणार? लवादाला अधिकार आहे असं ठरलं. हायकोर्टातही तेच झालं. त्या टप्प्यावर केस माझ्याकडे आली."

"आणि आता दिल्ली."

"आता सर्वोच्च न्यायालय. तिथे थेट अपील नाही करता येत, आधी अपील करू द्या म्हणून परवानगी मागायची. नव्वद दिवसांची मुदत. शुक्रवारी नव्वदावा दिवस. दिल्लीचे वकील म्हणाले, लवादाच्या अधिकाराच्या प्रश्नावर खालच्या दोन्ही कोर्टांचं एकमत असेल तर परवानगी शंभरात दोघांना मिळते. मूळ कागद पाहू द्या, पानन् पान तपासू. आणि आता कागदच नाही! परवानगी नाही मिळाली काका, तर महिन्याभरात त्या घरावर बुलडोझर येईल."

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण ज्याच्या घराच्या पायरीवर बुलडोझर येतो त्याने शहाणपणा किती दिवस करायचा?

"काल कोण कोण आलं होतं?"

काल सोमवारी दहाला प्रफुल्लने मूळ कागद काढला, ऑफिसच्या मशिनवर झेरॉक्स केली आणि परत बांधून ठेवला. साडेअकराला बिल्डरचे मॅनेजर सर्वेश मोकाशी तडजोडीचा निरोप घेऊन आले. ऋतिका आतल्या खोलीत फोनवर होती आणि प्रफुल्ल चहा सांगायला गेला होता, तेवढी पाच मिनिटं ते एकटे होते. एकला कमळाबाई आल्या, सोबत त्यांचा पुतण्या कमलेश. प्रतिज्ञापत्रासाठी ऋतिका आणि प्रफुल्ल कमळाबाईंना घेऊन खाली नोटरीकडे गेले. अर्धा तास कमलेश इथे एकटा होता. त्यानंतर कपाट कुणी उघडलं नाही.

"तीन माणसं," मधुकाका म्हणाले. "सर्वेश, कमलेश, आणि..."

ते प्रफुल्लकडे बघत होते. प्रफुल्लने मान खाली घातली.

"मॅडम, तुम्हाला बाहेरून कळण्याआधी मीच सांगतो," तो म्हणाला. "मी गेल्या महिन्यात मोकाशीसाहेबांच्या कंपनीत नोकरीचा अर्ज दिलाय."

३

ऋतिकाचा चेहरा असा झाला की मधुकाकांनाच वाईट वाटलं. पण त्यांनी प्रफुल्लला एक शब्द विचारला नाही. त्याने काल केलेली झेरॉक्स मात्र मागून घेतली आणि खिडकीशी जाऊन एकेक पान उलटू लागले.

"मशिनची काच पुसत नाहीस का रे?" ते वैतागून म्हणाले. "हा बघ डाग. खालच्या कोपऱ्यात, प्रत्येक पानावर करडी सावली."

"काल सकाळीच पुसली काका, आईशप्पथ."

मधुकाका पुटपुटत पानं उलटत गेले आणि मध्येच थांबले. मागे गेले, पुन्हा पुढे आले. मग झेरॉक्स घडी घालून पिशवीत टाकली. डाग पडलेला कागद त्यांनी आपण होऊन जवळ ठेवल्याची ही बहुधा पहिलीच वेळ.

दुपारी ते सर्वेश मोकाशींना भेटले. घोडबंदर रोडवरच्या ऑफिसात एवढा गारवा होता की मधुकाकांनी रुमाल डोक्याला बांधला. मोकाशी हसतमुख माणूस. हसणं त्यांच्या पगारातच असावं.

"मूळ कागद हरवला? अरेरे," ते म्हणाले. "पण काका, त्याने फरक काय पडतो? दोन कोर्टांनी पाहिलाय तो. आम्हाला त्यात लपवायचं काय आहे? मी तर म्हणतो सापडू दे. बाईंना अजूनही दोन फ्लॅट द्यायला तयार आहोत आम्ही."

"सही झाली त्या दिवशी तुम्ही होतात?"

"होतो ना. अक्षय तृतीयेला. जेवू घालूनच पाठवलं बाईंनी. मूळ कागद माझ्या देवापुढेच राहील म्हणून हट्ट धरला, आम्ही तोही पुरवला. नोटरी झाली आणि आठवड्यात कागद परत घरी. आमच्याकडे फक्त झेरॉक्स. सांगा, ज्याच्या मनात काळंबेरं असेल तो मूळ कागद समोरच्याच्या घरात ठेवील का?"

बोलणं चोख होतं. मधुकाका आभार मानून निघाले. दारात मोकाशींनी सहज विचारलं, "मग आता शुक्रवारचा अर्ज राहतोय म्हणायचा?"

शुक्रवार कुणी सांगितला होता त्यांना?

अर्थात नव्वद दिवस कुणालाही मोजता येतात. मधुकाकांनी प्रश्न मनात ठेवला आणि रिक्षा खारवंड्याकडे वळवली.

४

कमळाबाईंचं घर म्हणजे चार खोल्या, कौलं, आणि दारात सुकत घातलेले बोंबील. तिन्ही बाजूंनी चाळीस चाळीस मजले उभे होते. त्यामुळे अंगणात ऊन दुपारी तासभरच यायचं, आणि तो तास बोंबलांचा.

कागद हरवल्याचं ऐकून कमळाबाई रडल्या नाहीत. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "तरी मी बोललेली. त्या कागदाला पयल्या दिसालाच अपशकुन झाला."

"कसला अपशकुन?"

"सह्या झाल्या आनि मी कागद देवापुढं ठेवला. हलद लावली, झेंडूचा फूल वाह्यला. त्या मोकाशीच्या हाताचा धक्का लागला आनि समई कलली. गोडेतेल सांडला सगला कागदावर. मना रडूच आला. तो बोलला, काकी, तेल म्हंजे लक्ष्मी, आनि रुमालानं वरचा पुसून टाकला. रातभर कागद तसाच देवापुढं व्हता. दुसऱ्या दिशी कमलेश घेऊन गेला नोटरीला."

मधुकाकांना दुसरा कुणी कागदावर तेल सांडल्याचं सांगता तर त्यांनी कपाळावर हात मारला असता. आज ते पुढे सरकून बसले.

"आणि परत आला तेव्हा फूल?"

"फूल मी ठेवलेला जपून. कागद आला तसा परत त्याच्यात घातला. देवाचा फूल, टाकायचा कसा?"

"अंगठे किती दिलेत, आठवतंय?"

"बारा," बाई चटकन म्हणाल्या.

"कागद अकरा पानांचा आहे कमळाबाई."

"आसंल. मी बारा येला दिला."

"इतक्या वर्षांची गोष्ट, एखादा चुकला असेल मोजताना."

कमळाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की कोर्टातले भले भले शिरस्तेदार आठवले. "भाऊ, चालीस वरसं मिठाच्या टोपल्या मोजल्या मी. टोपलीमागं पैसा. एक टोपली कवा चुकली नाय, आनि सोताचा आंगठा चुकंल?"

तेवढ्यात आतून कमलेश चहा घेऊन आला. तिशीचा, उंच, बिल्डरच्याच साइटवर सुपरवायझर. लहानपणी आईबाप गेले, तेव्हापासून काकीनेच वाढवलेला.

"काल तू ऑफिसात एकटा होतास," मधुकाका म्हणाले. "कुणी आलेलं का?"

"नाही. मी मोबाइल बघत बसलेलो." त्याने मधुकाकांकडे पाहिलं नाही. दाराच्या मागे खुंटीला निर्माल्याची कापडी पिशवी लटकत होती, फुगलेली. कमलेशची नजर तिथे गेली आणि परत आली.

"वाळक्या फुलांना केवढी मोठी पिशवी," मधुकाका निघताना म्हणाले.

"दर बुधवारी कमलेश नेतो खाडीवर," कमळाबाई म्हणाल्या. "भरतीला. पाऊल लागू नये देवाच्या वस्तूला."

ठाकुर्लीला पोचेपर्यंत मधुकाका त्या पिशवीचा विचार करत नव्हते. ते बारा आणि अकराचा विचार करत होते. बुधवारी दुपारी, ताटावर बसल्या बसल्या, त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. ते उठले, हात धुतला आणि ऋतिकाला फोन लावला.

"भरती किती वाजता आहे गं आज?"

५

भरती पावणेपाचला होती, आणि चार वाजता त्यांची रिक्षा घोडबंदर रोडवर गाड्यांच्या गर्दीत उभी होती. पुढे बस, मागे सिमेंटचा ट्रक, आणि रिक्षावाला इंजिन बंद करून तंबाखू मळत होता.

"मला सांगा तरी," ऋतिका म्हणाली.

"कोर्टातला माणूस फाइलला सुरगाठ मारतो," मधुकाका म्हणाले. "एक टोक ओढलं की सुटली पाहिजे, न्यायाधीश थांबत नाहीत. तू सुरगाठ मारतेस, प्रफुल्ल सुरगाठ मारतो. घाईतल्या माणसाचा हात सवयीनेच चालतो. तिथे निरगाठ होती. शिवाय प्रफुल्लला कागद न्यायचाच असता तर झेरॉक्स करून परत ठेवला कशाला? तासभर तो त्याच्याच हातात होता. नोकरीचा अर्ज कर म्हणावं खुशाल, पण तो चोर नाही. आणि तूही त्याला पगार वाढव."

"मग सर्वेश."

"सर्वेश बाहेरचा. निरगाठ मारू शकतो. पण ते फूल आठव. कागद उघडला तेव्हा त्यातलं देवाचं फूल खाली पडलं. चोराने काय केलं? उचललं आणि गणपतीच्या पायाशी ठेवलं. चोरी करताना! सर्वेशने ते बुटाखाली चिरडलं असतं आणि त्याला कळलंही नसतं. देवाच्या फुलाला पाऊल लागू नये हे ज्याच्या हाडात आहे, असा एकच माणूस त्या खोलीत एकटा होता. कमळाबाई तर तुझ्याबरोबर नोटरीकडे होत्या."

"कमलेश! पण त्याने कागद फाडून टाकला असेल एव्हाना."

"जो वाळकं फूल टाकू शकत नाही, तो हळद लावलेला, देवापुढे ठेवलेला कागद फाडील? जाळील? देवाच्या वस्तूपासून सुटका करून घ्यायचा आमच्याकडे एकच रस्ता आहे."

ऋतिकाने रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, फुटपाथवरून घ्या, पण घ्या."

"मॅडम, मामा पावती फाडेल."

"मी वकील आहे!"

रिक्षा उसळली. मधुकाकांनी एका हाताने दांडी धरली आणि दुसऱ्या हाताने पिशवीतली झेरॉक्स काढली.

"आता खरी गोष्ट," ते ओरडून म्हणाले. "हे बघ. करडी सावली. मशिनच्या काचेवर डाग असता तर अकराही पानांवर उमटला असता. ही सावली दहाच पानांवर आहे. सातव्या पानावर नाही."

ऋतिका सातवं पान बघत राहिली. मग सहावं. मग आठवं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. हा करारनामा तिने शंभर वेळा वाचला होता, आणि अक्षरांपलीकडे कधी पाहिलं नव्हतं.

"तेल," ती म्हणाली. "समईचं तेल."

"रात्रभर मुरलं. जी पानं त्या रात्री देवापुढे होती, त्या सगळ्यांतून आरपार गेलं. सातवं पान त्या रात्री तिथे नव्हतं."

"पण अंगठा? अंगठा बाईंचाच आहे, तज्ज्ञाने सांगितलंय."

"तज्ज्ञ बरोबर बोलला. बाईही बरोबर बोलतायत. अकरा पानं, बारा अंगठे. तो बारावा कधी दिला, हे त्यांना कुणी विचारलंच नाही. मी सुद्धा."

६

खारवंड्याला पोचले तेव्हा घराच्या दारामागची खुंटी रिकामी होती.

कमळाबाई अंगणात बोंबील गोळा करत होत्या. "कमलेश? आताच गेला की खाडीवर," त्या म्हणाल्या, आणि या दोघांचे चेहरे बघून बोंबील तिथेच टाकून मागोमाग निघाल्या.

घाटाच्या पायऱ्या भरतीने निम्म्या बुडाल्या होत्या. शेवटच्या कोरड्या पायरीवर कमलेश पाठमोरा बसला होता. बाजूला फुलांची पिशवी, रिकामी. पाण्यावर झेंडू आणि तुळशीची पानं तरंगत हळूहळू आत जात होती.

ऋतिकाच्या तोंडून हाय निघाली.

कमलेश वळला. त्याच्या मांडीवर अकरा पानांचा कागद होता, कोरडा.

"दोनदा हात वर केला," तो म्हणाला. "टाकायलाच आलेलो. निर्माल्य म्हणजे वाहून संपलेलं ना काका? काकीचं घर तर अजून उभं आहे. मग हा कागद निर्माल्य कसा?"

मधुकाका जपून पायऱ्या उतरले, त्याच्या शेजारी बसले आणि हात पुढे केला. कमलेशने कागद दिला. त्यांनी एकेक पान उन्हाला धरलं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तळहाताएवढा तेलाचा डाग होता, हळदीची पिवळी कडा असलेला, त्यातून पलीकडचं ऊन दिसत होतं. सातवं पान धरलं. स्वच्छ. कोरं करकरीत. आयुष्यात पहिल्यांदा एक डाग नसलेला कागद बघून मधु सबनीसांना राग आला.

"कमळाबाई," त्यांनी मान न वळवता विचारलं, "ते बारा अंगठे एकाच दिवशी दिले होते?"

"नाय. अकरा त्या दिशी. एक मागनं, चार दिसांनी. कमलेश पान घेऊन आलता. बोलला, काकी, या पानाचा आंगठा पुसट आलाय, परत दे." बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

कमलेशने तोंड हातांनी झाकलं. "मोकाशींनी दिलं पान. म्हणाले, पुसट आलाय, नोटरी घेत नाही. मी वाचलेलं काकी. लवाद म्हणजे काय ते तेव्हा कळलं नव्हतं, पण पान वेगळंय एवढं कळलेलं. विचारलं तर म्हणाले, साइटवर सुपरवायझरची जागा आहे, सोमवारपासून ये. मी गप्प बसलो. घर जाणार हे माहीत असतं तर... मग केस सुरू झाली आणि बोलायची हिंमतच होईना. परवा वकीलमॅडम म्हणाल्या, दिल्लीवाले पानन् पान तपासणार. मी घाबरलो. तुझ्यासमोर उभा कसा राहणार होतो?"

कमळाबाई पायऱ्या उतरून आल्या. त्यांनी त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, असा की मधुकाकाच दचकले. दुसरा घालायला हात उचलला आणि तो त्याच्या डोक्यावर ठेवला.

"आंगठा माजा व्हता," त्या म्हणाल्या. "मी तरी कुठं इचारला, काय लिवलाय म्हनून? तू आनलास, मी दिला. माजाच पोर तू." मग डोळे पुसून कडक आवाजात म्हणाल्या, "आता हे सगला वकीलबाईला लिवून दे."

ऋतिका प्रामाणिक वकील होती, म्हणून तिने आधी वाईट ते सांगितलं. "कमलेश, हे प्रतिज्ञापत्रावर लिहिलंस की नोकरी जाईल. कदाचित पोलीस तुलाही विचारतील. दबाव नाही."

"सात वर्षं झोप नाही मला, मॅडम," कमलेश म्हणाला. "कुठे सही करू?"

७

शुक्रवारी दुपारी तीनला परवानगीचा अर्ज दिल्लीत दाखल झाला. सोबत कमलेशचं प्रतिज्ञापत्र आणि अकरा पानांचे रंगीत फोटो, उन्हाला धरून काढलेले. फोटो प्रफुल्लने काढले. पगारवाढीचं ऐकून त्याने नोकरीचा अर्ज मागे घेतला होता, आणि तसंही मोकाशींच्या कंपनीला आता कारकुनापेक्षा वकिलांची गरज जास्त होती.

दिल्लीच्या वकिलांचा फोन आला. "दोन्ही कोर्टांनी ठरवलं ते समोरच्या कागदावरून बरोबरच ठरवलं," ते म्हणाले. "पण ते पानच मागाहून घातलेलं असेल, तर लवादाचा करार झालाच नाही. करार नाही तर अधिकार कसला? हे मी न्यायमूर्तींना सांगू शकतो. शंभरातल्या दोघांत तुमच्या बाई येतीलसं वाटतंय."

पुढचे पावणेदोन महिने कमळाबाईंनी रोज सकाळी उठून आधी दारात बुलडोझर आलाय का ते पाहिलं, मग चूल पेटवली. कमलेशची नोकरी गेली. पोलिसांनी दोनदा बोलावून जबाब घेतला. तो एका मित्राचा टेम्पो चालवू लागला आणि दर बुधवारी निर्माल्य घेऊन खाडीवर जायचं काही चुकवलं नाही.

आदेश आला तेव्हा ऋतिका स्वतः नक्कल घेऊन खारवंड्याला गेली, मधुकाकांना ठाकुर्लीहून बोलावून. कमळाबाई ओटीवर वाट बघत होत्या.

"मिळाली," ऋतिका म्हणाली. "परवानगी मिळाली, मावशी."

"म्हंजी जितलो?"

"अजून नाही. अपील करू दिलं आपल्याला. आता ते नीट ऐकणार, लवादाला अधिकार होता का नव्हता. आणि ऐकून निकाल देईपर्यंत घराला कुणी हात लावायचा नाही, असं लिहून दिलंय."

कमळाबाईंनी आदेशासाठी हात पुढे केला. "सात वरसांत मना पयल्यांदा कुनीतरी बोलला, की तुजा ऐकतो," त्या म्हणाल्या. "लई झाला. बाकीचा बघू."

त्यांनी कागद हातात घेतला आणि देवापुढे गेल्या. समई लावली होती. मधुकाका दारात उभे होते. सवयीने त्यांचा जीव वरखाली झाला. कोर्टाची नक्कल, आणि शेजारी तेल!

कमळाबाईंनी समईत बोट बुडवलं, हळदीत टेकवलं आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यावर ठेवलं. "येक," त्या म्हणाल्या. मग पान उलटायला गेल्या, पण तेलकट बोटांनी ते उलटेना.

मधु सबनीस पुढे झाले. चौतीस वर्षं कागदावर डाग पडू न देणारा तो माणूस देवापुढे मांडी घालून बसला, आणि एकेक पान उलटून बाईंपुढे धरू लागला.

"दोन," कमळाबाई म्हणाल्या. "तीन."

सहाच पानं होती. सहाही पानांवर बोट उठल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजली, आणि मगच कागद मिटला.